दस्तगीर मास्तरांना सांगितलेली तारीख

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढंही मोठ्यानं कधी बोललो नाही. सांगण्यासारखं मोठं काही नाही, असं स्वतःला पटवत आलो. एका सामन्याची तर गोष्ट. पण मग एकवीस वर्षं ती जात का नाही?

मी आकड्यांचा माणूस. घरात दूध किती आलं, विहिरीला किती हात पाणी आहे, हे मला विचारतात. धाराशिवात – निजामाच्या कागदांत उस्मानाबाद – मी तहसील कचेरीत उमेदवार कारकून होतो. नोकरी कायम व्हायची होती. सोलापूरकडून, म्हणजे इंग्रजी मुलखातून, जी पत्रं येत, त्यांवरच्या इंग्रजी तारखा फसली तारखांत उतरवायचं काम माझ्याकडं होतं. निजामाचा सगळा कारभार फसली कालगणनेवर चाले. बाकीचे कारकून त्यासाठी तारखांची जंत्री उघडत. मी उघडत नसे. दोन्ही तारखांतला फरक मला तोंडपाठ होता, आणि ते सगळ्यांना माहीत असावं अशी माझी इच्छा होती. म्हणून मला मुन्शीजी म्हणत, आणि म्हणूनच फुटबॉल क्लबाचा चिटणीसही मलाच केलं. मी स्वतः चेंडूला पाय लावलेला नाही.

क्लबाचे मॅनेजर दस्तगीर मास्तर. शाळेत ड्रिल शिकवायचे. उंच, काटक, काखेत कायम काळी छत्री. ती उघडलेली मी पाहिली नाही. सामना चालू असताना उलट्या घातलेल्या बादलीवर बसायचे, एकदाही ओरडायचे नाहीत. कुणी चुकला तर छत्रीचं टोक जमिनीवर दोनदा आपटायचं, बस. मैदानाच्या त्या टोकाचा गडी हे कसं ऐकायचा, कोण जाणे.

आणि सराटे. आमचं मैदान काटेरी सराट्यांनी भरलेलं, खेळणारे सगळे अनवाणी. मास्तरांचा नियम असा की खेळाआधी सगळ्यांनी एका रांगेत, या गोलपासून त्या गोलपर्यंत, वाकून सराटे वेचत जायचं. खेळाडूंनीच नव्हे, बघ्यांनीही. वकील असो, हमाल असो. "पैले सराटे, बाद में चेंडू," म्हणायचे, आणि रांगेत पहिले स्वतः वाकायचे. लोक हसत यायचे, वाकायचे. आज जुनी माणसं मास्तरांची आठवण काढतात तेव्हा गोल कुणाला आठवत नाहीत. सराटे आठवतात.

आता मुद्द्यावर येतो. त्या वर्षी सोलापूरच्या एका संघाचं पत्र आलं – अमुक तारखेला, दुपारी चार वाजता, सोलापूरला आमच्या मैदानावर या. इंग्रजीत होतं, म्हणून माझ्याकडं आलं. वार लिहिलेला नव्हता, नुसती तारीख. मी फरक मिळवला, फसली तारीख क्लबाच्या वहीत लिहिली आणि मास्तरांना सांगितली.

"मुन्शीजी, पक्की?"

"पक्की," मी म्हणालो.

आदल्या वर्षी इंग्रजी फेब्रुवारीला एक दिवस जास्त होता, त्या वर्षी नव्हता. मी आदल्या वर्षीचाच फरक मिळवला होता. जंत्री हाताच्या अंतरावर, कचेरीच्या खुंटीला टांगलेली – पण मी ती बघितली तर मुन्शीजी कसला?

सामना रविवारी होता. माझ्या हिशोबानं तो सोमवारी आला. सोमवारी सामना कसा, असं कुणालाच वाटलं नाही, कारण आमची सुट्टी शुक्रवारची. रविवार काय, सोमवार काय, आम्हाला दोन्ही दिवशी रजाच काढायची होती.

सोमवारी सकाळी मोटारीनं निघालो. तुळजापूरला घाटाआधी देवीच्या दिशेनं सगळ्यांनी हात जोडले, मास्तरांनीही. हद्दीवरच्या करोडगिरीच्या नाक्यावर झडती झाली. शिपायानं चेंडू दाबून पाहिला आणि विचारलं, "यात काय?" आमचा गोलकीपर गुरप्पा म्हणाला, "हवा हाय साहेब, तिच्यावर जकात हाय का?" सगळी मोटार हसली. मीही हसलो. ते माझं त्या दिवसातलं शेवटचं हसू.

सोलापुरात चहाला थांबलो. हॉटेलात भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. मी तारीख पाहिली. आधी वाटलं, मालकानं एक पान जास्त फाडलं असेल. मग मनात मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजेपर्यंत चहावर साय आली.

तेव्हाच सांगायला काय हरकत होती? खिशात पत्र होतं, समोर मास्तर होते. मी साय बाजूला केली आणि चहा प्यालो.

मैदान रिकामं होतं. आम्ही साडेतीनला पोचलो. माळी झाडाखाली बसला होता. तो म्हणाला, "काल यायचं की ओ! काल समदं गाव लोटलं हुतं. तासभर वाट बघितली तुमची, मग तुमी हरला म्हणून सांगितलं." मास्तरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग त्यांनी छत्री गोलच्या खांबाला टेकवली आणि एकटेच, वाकून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. रोलर फिरवलेलं मैदान, तिथं सराटा कुठला? तरी गेले. परत आले आणि म्हणाले, "चला. मैदान अच्छा है."

घरी आल्यावर मी काय केलं, ते आता लिहितो. वहीचं पान फाडता येत नव्हतं – शिवलेली वही, समोरचं पान सुटलं असतं. म्हणून ब्लेडनं आकडा खरवडला, जागा नखानं घासून गुळगुळीत केली, आणि सोमवारच्या तारखेच्या जागी रविवारची लिहिली. अक्षर चांगलं आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी क्लबाच्या अध्यक्षांनी, म्हणजे वकीलसाहेबांनी, सगळ्यांना बोलावलं. पत्र आणि वही मी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी दोन्ही जुळवून पाहिली. बरोबर होती.

"मग मास्तरांना तुम्ही कोणती तारीख सांगितली?"

"हीच," मी म्हणालो.

एक शब्द. मास्तरांनी वही मागितली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे येत होते. त्यांचा अंगठा त्या आकड्यावर थांबला. खरवडलेला कागद हाताला लागतो – त्यांना लागला का? हे मला आजही माहीत नाही. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "मुन्शीजी कभी चुकत नाहीत. मेरेच सुनने में गलती हुई."

मी मान खाली घातली नाही. उलट हलवली – म्हणजे, होय, असंच झालं.

नोकरी कायम व्हायची होती, हे वर लिहिलं आहे. ती पुढच्या महिन्यात झाली.

आठ दिवसांनी मास्तरांनी मॅनेजरपद सोडलं आणि क्लबाचं सामान घेऊन माझ्या घरी आले. पंप एक, ब्लॅडर दोन, शिट्टी एक, बादली एक. मी यादी केली आणि तिच्यावर त्यांची सही घेतली. हो, सही घेतली. त्यांनी चहा घेतला नाही.

पुढं गावात वेगळंच पसरलं. मास्तरांचा मेव्हणा सोलापूरच्या त्या संघात खेळायचा. म्हणून मास्तरांनी मुद्दाम उशीर केला, असं लोक बोलू लागले. शाळेतल्या पोरांनीही ते उचललं. ड्रिलच्या वेळी मागच्या रांगेतून "मेव्हणा, मेव्हणा" असं ऐकू यायचं. मास्तरांनी वर्षाच्या आत बदली मागून घेतली. पोलीस ॲक्शननंतर ते हैदराबादेला गेले असं कुणी सांगतं, कुणी बिदर म्हणतं. मी चौकशी केली नाही.

हे सगळं मी मनातच ठेवून मेलो असतो. पण गेल्या महिन्यात आम्ही जुने लोक जमलो. नवा क्लब निघतोय, नवा करंडक ठेवायचाय. गुरप्पा – आता त्याचं किराणा दुकान आहे – म्हणाला, करंडकाला दस्तगीर मास्तरांचं नाव द्या. सराट्यांच्या गोष्टी निघाल्या, छत्रीच्या निघाल्या. एकानं बादलीवर बसायची नक्कल केली, लोक पोट धरून हसले. मग बाबूराव, तेव्हाचा आमचा बॅक, म्हणाला, "माणूस लई मोठा, व्हय. पर सोलापूरला मेव्हण्यापायी आपल्याला बुडवलं की न्हाय?"

गुरप्पा माझ्याकडं वळला. "मुन्शीजी, वही तुमच्याकडं हाय. तुमीच सांगा. मास्तरांची चूक हुती का?"

नोकरी आता माझी कोण घेणार होतं? वकीलसाहेब जाऊन सहा वर्षं झाली. मास्तर कुठं आहेत तेही ठाऊक नाही. भ्यायला काही शिल्लक नव्हतं. आणि मी म्हणालो, "वहीत तारीख बरोबर आहे."

करंडकाला वकीलसाहेबांचं नाव दिलं.

एकवीस वर्षांपूर्वी मी सत्तावीस वर्षांचा होतो, असं म्हणता येईल. गेल्या महिन्यात मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो.

आज वही काढली. पान खिडकीच्या उजेडाकडं धरलं की ती जागा दिसते, बाकीच्या पानापेक्षा पातळ. त्या आकड्याखाली मी पूर्वीचा, चुकीचा आकडा पुन्हा लिहिला, आणि पुढं लिहिलं – मास्तरांना सांगितली ती तारीख ही. खाली सही केली. वही आणि हे लिहिणं, दोन्ही गुरप्पाकडं जातील. त्यांचं पुढं काय करायचं ते तो आणि बाकीचे ठरवतील.

नोंद एवढीच. सामना रविवारी होता. मास्तरांना मी सोमवार सांगितला होता. सोमवारी ते वेळेच्या अर्धा तास आधी मैदानावर होते.