आप्पांनी एकदाच विचारलं

आक्का, मी रायचूरकडं निघालो त्या दुपारी बेळगावच्या स्टँडवर तू आलतीस, आई आलती. आप्पा गावात, कडोलीतच म्हशीला वैरण घालत राहिले. तुला वाटलं, गुडघे दुखतात म्हणून आले नाहीत. गुडघ्यांचं कारण नव्हतं गं.

फौंड्री बंद पडली तेव्हा मी चौतीस वर्षांचा घोडा. बारा वर्षं साचे भरलेले हात घेऊन डी.एड.ला बसलो. वर्गातली पोरं मला काका म्हणायची. नोकरी लागली ती कन्नड शाळेत. आणि आप्पा म्हणजे मराठीसाठी मोर्चात पाठीवर लाठ्या खाल्लेला माणूस! ऑर्डर पुढं केली तर हातसुद्धा लावला नाही. एवढंच म्हणाले, "पोटासाठी जा. पन तितं काय शिकवतोस ते माज्याम्होरं काढू नकोस."

नाही काढलं. नऊ वर्षं दर रविवारी फोन. पाऊस, म्हैस, जोंधळा, बटाटा, शाळा सोडून सगळं. इथं वाटेत भेटेल तो माणूस "ऊटा आतेन्री सर?" म्हणून जेवल्याची चौकशी करतो, आणि जन्मदात्या बापाला मी सर झाल्याचा पत्ताच नसल्यासारखं! लई राग यायचा. माझ्या वर्गात एक मुलगी होती, आईबाप कामाला परगावी, ही आज्जीजवळ. एका शनिवारी तिनं फळ्यावर पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं आणि माझ्याकडं वळून हसली. मला रडू फुटायचं तेवढं राहिलं. दुसऱ्या दिवशी आप्पांना मी विचारलं, बटाटा काढला का.

गेल्या श्रावणात फोन ठेवता ठेवता आप्पा म्हणाले, "पोरं ऐकत्यात न्हवं रं तुजं?"

आणि मी काय बोललो असेन? "पाऊस बरा झालाय, आप्पा." सवय गं, जीभ आपोआप तिकडं वळली. ते जरा थांबले. मग "बरं" म्हणाले. पुढच्या रविवारी सगळं नीट सांगायचं, असं मी ठरवलं. गुरुवारी तुझा फोन आला.

मातीला पोचलो, तोंड बघायला मिळालं. पण त्या तोंडाला आता काय सांगणार?

आता आई तुझ्याकडं हिंडलग्यात, कडोलीच्या घराला कुलूप. इथं कुणी गाव विचारलं की बेळगावकडचा म्हणतो. घर म्हटलं की मला कौलं आठवत नाहीत, अंगण आठवत नाही. फोनवर आप्पा थांबले होते तेवढंच आठवतं. ते वाट बघत होते, आणि मी त्यांना पावसाचं सांगितलं.

रविवारी तूही फोन करतेस आणि पावसाचंच विचारतेस. नको विचारूस, आक्का. पोरं ऐकतात का, ते विचार. ऐकतात गं. माझं कन्नड ऐकून मागनं हसतात, पण ऐकतात.