नासपतीसारखं केंद्रक

रिदा मुकादम अणुभौतिकशास्त्रज्ञ आहे, एवढं तिचे वडील ऐटीत सांगतात. ती दिवसभर नेमकं करते काय, असं कुणी विचारलं की त्यांची पंचाईत होते. कमरुद्दीन कुवेतहून परतले आणि पनवेलच्या बाजारात फळं विकू लागले. गिऱ्हाइकानं खोदून विचारलंच तर ते म्हणतात, "बॉम्बचं काही नाही हां. ती वेगळंच करते." आणि गडबडीत पिशवीत एक मोसंबं जास्त टाकतात.

रिदाला हे वेड लागलं ते बारावीत. किशोरी मॅडमनी वर्गात किरणोत्सर्ग ओळखायचं यंत्र आणलं होतं आणि घरात जुनं घड्याळ असेल तर आणा, असं सांगितलं होतं. रिदाचे आजोबा जहाजावर खलाशी होते. अंधारात चमकणारं त्यांचं रेडियमचं मनगटी घड्याळ तिनं नेलं. यंत्र जवळ नेताच तडतडायला लागलं. लांब नेलं की गप्प, जवळ आणलं की पुन्हा तडतड. काटे कधीचे थांबलेले, पण आत काहीतरी चालूच होतं. रिदाला हसू आवरेना.

"बाहेर जाऊन हसून ये," मॅडम म्हणाल्या.

ती व्हरांड्यात गेली, दोन गिरक्या घेतल्या आणि परत येऊन तिनं विचारलं, "मॅडम, आत काय आहे ते बघता येतं?"

"बघता नाही येत. पण ओळखता येतं."

तेवढं तिला पुरलं. एमएस्सी झाली, पीएचडी झाली, मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. अणूच्या पोटात जे केंद्रक असतं, त्याचा आकार ओळखायचा, हे तिचं काम. बहुतेक केंद्रकं चेंडूसारखी गोल किंवा थोडी लांबट असतात. मोजकीच एका बाजूला फुगीर निघतात. एका जड मूलद्रव्याचं केंद्रक तसं असणार, असा रिदाचा हिशेब होता.

"म्हणजे नासपतीसारखं," अब्बा म्हणाले.

"अगदी तसंच."

"गोल असलं काय नि नासपती असलं काय, कुणाचं काय अडलंय?" अम्मीनं विचारलं. अम्मीला, म्हणजे सुगराला, लेकीच्या निकाहची काळजी केंद्रकापेक्षा जास्त होती.

"कुणाचंच नाही, अम्मी. पण मला कळल्याशिवाय राहवत नाही."

कळणं सोपं नव्हतं. केंद्रक डोळ्यांना दिसत नाही. त्यातून किरण निघतात, ते पकडायचे आणि त्यांच्यावरून आकाराचा अंदाज बांधायचा. पहिल्या प्रयोगात किरण पकडणारं उपकरणच तापलं. दुसऱ्या वेळी सगळं सुरळीत चाललं, पण हवी ती खूण सापडली नाही. रिदा घरी आली, दोन ताटं बिर्याणी जेवली आणि म्हणाली, "परत करू." तिसरा प्रयोग झाला, आकडे संगणकात गेले, आणि तेवढ्यात तिच्या भावाचं, अयानचं लग्न आलं.

वलीमा, म्हणजे निकाहनंतरची मेजवानी, नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये होता. भर दुपारी, हिरवा शरारा घातलेली रिदा पाहुण्यांना शरबत देत होती. इतक्यात तिच्या सहकाऱ्याचा, अवधूतचा फोन आला.

"दिसतंय," तो म्हणाला.

"काय दिसतंय?"

"तुझी नासपती."

रिदा होती तिथेच, रचून ठेवलेल्या खुर्च्यांवर बसली आणि हसत सुटली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सुकापूरच्या भामाकाकू, अम्मीची जुनी मैत्रीण, धावत आल्या.

"काय झाला गो? कोनाला पोर झाला?"

"नाही काकू. केंद्रक नासपतीसारखं निघालं."

काकूंनी क्षणभर विचार केला. "मंग चांगला हाय ना?"

"फार चांगलं आहे."

"मंग बसलीस कशाला? नाच."

बायकांच्या बाजूला ढोलक वाजतच होता. रिदा चपला फेकून नाचली, काकू नाचल्या, नवी नवरी फिजासुद्धा घागरा सावरत उठली. अब्बांना बातमी कळली तशी त्यांनी माईक हातात घेतला. "आज माझ्या मुलाचा वलीमा आहे," ते म्हणाले, "आणि माझ्या मुलीनं, माझ्या मुलीनं..." पुढचा शब्द काही केल्या सापडेना. "तिला जे पाहिजे होतं ते मिळालं." सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

मग अवधूतचा पुन्हा फोन आला. "सगळं तपासून होईपर्यंत कुणाला सांगू नकोस."

"अख्ख्या हॉलला सांगून झालंय," रिदा म्हणाली. "काळजी नको, कुणाला काही कळलेलं नाही."

तपासणी महिनोन्‌महिने चालली. परीक्षकांनी शंभर शंका काढल्या, तिनं प्रत्येकीचं उत्तर दिलं, आणि शोधनिबंध छापून आला. गेल्या हिवाळ्यात परदेशातल्या एका गटानं तोच प्रयोग वेगळ्या पद्धतीनं केला. त्यांनाही तोच आकार सापडला.

ते कळलं त्या संध्याकाळी पनवेलमध्ये जत्रेचे पाळणे लागले होते. रिदानं अम्मीचा हात धरून तिला आकाशपाळण्यात बसवलं. सुगरा जन्मात कधी त्यात बसली नव्हती. पाळणा वर चढला तशी तिनं डोळे गच्च मिटले आणि लेकीचा दंड पकडला. वर पोचल्यावर तो जरा थांबला. तिनं एक डोळा उघडला. खाली बाजार, खाडी, दिव्यांची रांग.

"आता पुढे काय करणार तू?" तिनं विचारलं.

"दुसरं केंद्रक."

"आणि निकाह?"

रिदा काही बोलायच्या आत पाळणा सुटला आणि दोघी एकदमच हसायला लागल्या. खाली आल्यावर सुगरानं पदर सारखा केला आणि पाळणेवाल्याला म्हणाली, "आणखी एक फेरी."