राजगिऱ्याची भाकरी आणि आमटी

पाचवा महिना लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवरच्या एका आकड्याभोवती पेनाने गोल केला. रक्त फार कमी होतं. लोहाच्या गोळ्या मला उलटून पडत. "राजगिरा खा, रोज. सोबत डाळ, पालेभाजी, लिंबू. बाळाचं वजन वाढायला हवं," त्या म्हणाल्या. नवरा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत, घरात मी आणि सासूबाई. हिंजवडीला ऑफिसच्या बसमध्ये मी पोटावर हात ठेवून बसायचे. बाळ हललं नाही की जीव टांगणीला लागायचा.

राजगिरा घरात होता, पण उपासाच्या फळीवर. बस पहाटेची, म्हणून स्वयंपाकघर सासूबाईंच्याच ताब्यात. भाकरी त्या हौसेने थापायच्या, पण ती तव्यावर पडली की सगळा स्वयंपाकच उपासाचा व्हायचा. आमटी गायब, लसूण गायब, पालेभाजी गायब. डब्यात भाकरी, बटाटा आणि वर कौतुकाची साबुदाण्याची खिचडी.

"अहो आई, मला आज उपास नाहीये."

"ते कळतं मला. पण राजगिऱ्याबरोबर आमटी? उद्या श्रीखंडाला फोडणी घालशील."

ऑफिसात तीच तऱ्हा. माझा डबा दिसला की मैत्रिणी आपापल्या उसळी मागे ओढायच्या. "हिला नको गं, हिचं फास्टिंग आहे." दिवसभर प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या या बायका! नाही म्हणून सांगितलं तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच. एवढं चांगलं धान्य, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते पंचांगात कोंडून ठेवलं होतं. मला संताप यायचा. खुर्चीत बसवायचं नाही, अंथरुणावर पडवायचं नाही.

पुढचा रिपोर्ट एका शनिवारी आला. रक्त आणखी उतरलं होतं. दुपारी घरी पोचले तर संकष्टी. स्वतःचं लग्न झाल्यापासून सासूबाईंनी एकही संकष्टी मोडली नव्हती, आणि हल्लीच्या तर सगळ्या बाळासाठी होत्या. समोर पुन्हा तेच ताट आलं आणि माझा तोल गेला.

"तुमच्या या उपासांपायी माझं बाळ उपाशी मरेल!"

असलं बोलायचं नसतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या हातातला रिपोर्ट घेऊन, चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला आणि त्या आत गेल्या. मी बाल्कनी ते दार येरझाऱ्या घालत राहिले. थोड्या वेळाने लसणाच्या फोडणीचा वास आला. संकष्टीला, आमच्या घरात.

दुसरं ताट आलं. राजगिऱ्याची भाकरी, लसूण घातलेली मेथी, मसुराची आमटी, लिंबाची फोड. इतके दिवस ज्यासाठी भांडत होते ते समोर होतं, आणि आता माझाच हात पुढे होईना. मघाशी तोंडून अशुभ निघून गेलं होतं, त्यात आज चतुर्थी. बाळाला काही झालं तर? एवढी शिकलेली मी, पण भीती वाटली ती वाटलीच.

सासूबाईंनी ते ओळखलं असावं. माझ्यासमोर बसून त्यांनी माझ्याच ताटातला भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि डोळे मिटून गिळला.

"काही दोष लागायचाच असेल तर मला लागू दे," त्या म्हणाल्या. "तू जेव आता."