कस्तुराबाईची लेंडी आणि गारखेड्यातल्या कुंड्या

करमाडच्या अलीकडं जालना रोड सोडून आत वळलं, की बाभळीच्या काट्यांचं कुंपण लागतं आणि त्याच्या आत मेंढरांची बसायची जागा. तिथंच कस्तुराबाईचं घर. वय पन्नाशीच्या पुढं, शिक्षण चौथी, आणि गेल्या दोन वर्षांपासून तिचा एक धंदा आहे. धंदा आहे असं लोक म्हणतात. तिला विचारलं तर ती आधी नवऱ्याकडं बघते, मग सुनेकडं, आणि मग म्हणते, "व्हय, चाललंय काहीतरी."

तरुणपणी ती आणि नवरा मल्हारराव दिवाळी झाली की कळप घेऊन गंगापूरच्या बाजूला गोदाकाठाला जात. तिथले शेतकरी बोलावून आपल्या रानात मेंढरं बसवून घेत. चार रात्री कळप बसला की जमिनीला खत मिळे आणि ह्यांना जोंधळे. पुढं मल्हाररावाचे गुडघे गेले, कळप चाळिसावर आला आणि फिरणं थांबलं. आता लेंड्या घरापाशीच पडत. ढीग वाढत जाई, नि ज्याला लागंल तो शेजारी पाटी भरून नेई. ही वस्तू कुणाला विकायची असते, हे कस्तुराबाईच्या डोक्यातच नव्हतं.

ते घातलं तनुजा मॅडमनी. त्या शेंद्र्याला एका कारखान्यात नोकरीला, घर गारखेड्यात, आणि गच्चीवर शंभरेक कुंड्या. एकदा कस्तुराबाईच्या घरासमोर त्यांच्या गाडीचं चाक बसलं. मिस्त्री येईपर्यंत त्या सावलीला थांबल्या आणि त्यांचं लक्ष ढिगाकडं गेलं. दोन पोती घेऊन गेल्या. दोन महिन्यांनी परत आल्या त्या मोबाइलवर गुलाबांचे फोटो घेऊन, आणि मैत्रिणींसाठी आणखी दहा पोती मागायला. पैसे त्यांनी आपणहून दिले. कस्तुराबाईनं ते पदरात घेतले खरे, पण शेणालेंडीचे पैसे घ्यावेत की नाही ह्या विचारात तिचा तो अख्खा दिवस गेला.

सून अक्षदा बी.कॉम. झालेली. ती म्हणाली, "आत्या, हा धंदा होतो." आणि तिनंच दोघींची नावं शहरातल्या एका तीन दिवसांच्या शिबिरात घातली. नवा उद्योग सुरू करणाऱ्या बायांसाठी ते होतं.

पहिल्या दिवशीच्या सरांनी प्रत्येकीला विचारलं, तुमचा ग्राहक कोण? कस्तुराबाई म्हणाली, ज्याच्याकडं झाड आहे तो. सर म्हणाले, असं नाही चालत, एकच ठरावीक माणूस डोळ्यांपुढं आणा. तिनं तनुजा मॅडम डोळ्यांपुढं आणल्या. दुसऱ्या दिवशी दुसरे सर आले. ते म्हणाले, स्वतःला एका ठिकाणी बांधून घेऊ नका, सगळा महाराष्ट्र तुमचा आहे. तिनं मॅडमना डोळ्यांपुढून बाजूला केलं, पण महाराष्ट्र काही तिथं मावेना. तिसऱ्या दिवशीच्या बाई म्हणाल्या, लहान सुरुवात करा, घाई नको. आणि त्याच दिवशी दुपारी एक यशस्वी उद्योजक येऊन सांगून गेले, की घाई केली म्हणूनच आपण इथवर पोचलो.

जेवणाच्या सुट्टीत तर आणखी गोंधळ. एक बाई म्हणाली, सरकारकडं छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी करा, ती फुकट असते, कुणाला पैसे देऊ नका. दुसरी म्हणाली, मी तर दोन हजार दिले. पाकिटावर खत म्हणून छापायचं तर कृषी खात्यात विचारावं लागतं, असं एकीचं म्हणणं. एवढ्याशा मालाला कोण विचारतं, असं तिच्या शेजारणीचं. कस्तुराबाई सगळ्यांना मान डोलवत होती. येताना बसमध्ये अक्षदानं विचारलं, काय काय कळलं? ती म्हणाली, "सगळेच खरं बोलत होते. तेच कळंना."

घरी आल्यावर मात्र सगळं भराभर झालं. लेंडीचा चुरा केला तर शहरातल्या लोकांना हाताळायला बरं पडतं, असं शिबिरात कुणीतरी सांगितलेलं. म्हणून पिठाच्या गिरणीसारखं एक यंत्र भाड्यानं आणलं. चकचकीत पाकिटं छापून आणली. नावावरून घरात दोन दिवस धुसफूस झाली. अक्षदाला इंग्रजी नाव हवं होतं, मल्हाररावाला देवाचं, आणि शेवटी पाकिटावर दोन्ही आली. नोंदणी अक्षदानं मोबाइलवर फुकटातच केली. मागणी वाढली तसा जुना ढीग संपला, आणि पावसाळ्यानंतर पडलेला नवा ढीग यंत्रात जाऊ लागला.

इथं कस्तुराबाई अडखळली होती. अख्खी लेंडी तिनं बोटांत धरून दाबली, की ती मुरली आहे की कच्ची हे तिला न बघता कळतं. वरून वाळलेली, पण आत ओलसर हिरवट असली की ती कच्ची. अशी झाडाला घातली तर मुळं पोळतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. पण चुऱ्यात काय दाबणार? सगळा एकसारखाच दिसे. ती एकदा म्हणालीही, की हे अजून मुरायचं आहे बहुतेक. त्यावर अक्षदानं मागणीची यादी दाखवली, आणि यंत्राचं भाडंही दिवसागणिक चढत होतं. एवढी शिकलेली माणसं सांगतायत तर आपलंच काही चुकत असंल, असं वाटून कस्तुराबाई गप्प बसली.

तीन आठवड्यांनी फोन यायला लागले. कुणाची मिरची वाळली, कुणाच्या जास्वंदीची पानं करपली. अक्षदा रडकुंडीला आली. शिबिरात ओळख झालेल्या एकीनं तिला सल्ला दिला, की पाणी कमी पडलं असंल म्हणून सांगून मोकळी हो. कस्तुराबाईला ते पटलं नाही.  रात्रभर कूस बदलून सकाळी ती एवढंच म्हणाली, "झाडं बघून येऊ."

हर्सूलला तिचा भाऊ सांडू राहतो. त्याच्याकडं दोन वर्षांचा मुरलेला ढीग होता. त्याच्याकडून दोन पोती आणली, आणि अक्षदाच्या स्कूटीवर मागं बसून कस्तुराबाई गारखेडा, सिडको अशी दोन दिवसांत अकरा घरं फिरली. आयुष्यात पहिल्यांदा ती लिफ्टमध्ये चढली. प्रत्येक गच्चीत-गॅलरीत ती कुंडीपाशी खाली बसे, माती उकरून नाकाशी धरी, आधी घातलेला चुरा वरवर काढून टाकी आणि पोत्यातलं मूठभर घाली. घरातली माणसं आधी रागानं बघत, मग चहा विचारत.

पण गोंधळ काही सुटेना. चौथ्या घरी कढीपत्ता पार जळालेला, आणि त्याच मजल्यावर समोरच्या घरी, त्याच दिवशी नेलेल्या पाकिटानं, मोगरा कळ्यांनी लगडलेला. तनुजा मॅडमच्या तर एकाही कुंडीला काही झालं नव्हतं. कस्तुराबाई एका दारातून दुसऱ्या दारात दोनदा जाऊन आली. तीच माती, तेच ऊन.

कढीपत्ता सत्यभामाबाईंचा होता. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलायला सौम्य. त्यांनी अर्धं पाकीट एकदम कुंडीत ओतलं होतं.

"अर्धं?" कस्तुराबाईनं विचारलं.

"मग किती घालायचं? पहिल्यांदा तुम्ही पोत्यातून दिलं तेव्हा तनुजानं सांगितलं होतं, एक मूठ. ह्या पाकिटावर तुमची दोन दोन नावं आहेत, फूल आहे, मेंढरू आहे. किती घालायचं ते कुठं आहे?"

अक्षदानं पाकीट उलटसुलट करून बघितलं. खरंच कुठं नव्हतं.

परतताना चिकलठाण्याच्या पुढं दोघी रसवंतीवर थांबल्या. अक्षदाचं म्हणणं, चूक पाकिटाची. कस्तुराबाईला वाटत होतं, चूक कच्च्या खताची. आणि चुरा मातीत गच्च बसून पाणी धरून ठेवतो, असंही एका घरच्या आजोबांनी सांगितलं होतं. तिन्हींपैकी नेमकं कशानं झाड गेलं? कस्तुराबाईनं रसाचा ग्लास संपवून खाली ठेवला.

मग म्हणाली, "आजारी मेंढराला तीन औषधं एकदम पाजली, तर बरं झालं तरी कळत नाय कशानं झालं, आणि मेलं तरी कळत नाय. आपण तीन गोष्टी एकदम बदलल्या, अक्षदा."

 दुसऱ्या दिवशी अक्षदानं यंत्र परत पाठवलं.

तेव्हापासून कस्तुराबाई एका वेळी एकच बदल करते. आधी अख्खी लेंडी साध्या पोत्यात परत आणली. ढिगाचे तीन भाग केले, आणि प्रत्येकापुढं दगडावर चुन्यानं महिना लिहिला. सहा महिने झाल्याशिवाय त्या ढिगाला हात नाही. मग पोत्यासोबत एक चिठ्ठी जाऊ लागली: फुटाच्या कुंडीला एक मूठ, दीड महिन्यातून एकदा. अंगणात तिनं स्वतःच्या बारा कुंड्या मांडल्या. सहांत हातानं कुटलेला चुरा, सहांत अख्खी. चुऱ्याच्या चार बऱ्या आल्या, अख्खीच्या पाच. एवढ्यावरून काय समजायचं ते तिला अजून ठरवता आलेलं नाही. तालुक्याच्या कृषी कार्यालयातही ती जाऊन आली. तिथं नमुना तपासून आणायला सांगितला. तपासून आला, त्यातले आकडे अक्षदानं वाचून दाखवले, आणि कस्तुराबाईनं तो कागद जपून ठेवला.

अकरांपैकी नऊ घरं टिकली. दोन गेली. त्या दोघांची झाडं तिनं बदललेल्या खतानं बरीही झाली होती, तरी ती माणसं गेली. उलट सत्यभामाबाईंचा कढीपत्ता काही परत फुटला नाही, आणि त्यांनीच पुढची सात घरं जोडून दिली. ह्याचा अर्थ लावायचा तिनं लई प्रयत्न केला.

यंदा शिबिरवाल्यांनी तिलाच बोलायला बोलावलं. समोर तीसेक बाया वह्या उघडून बसलेल्या. कस्तुराबाई उभी राहिली. मग तिनं त्या अकरा घरांचं सांगितलं, जसं घडलं तसं. मधेच एका मुलीनं हात वर करून विचारलं, म्हणजे चुरा करायचा की नाही? कस्तुराबाई म्हणाली, "बाई, मला अजून पक्कं कळलं नाय. मी घेणाऱ्याच्या घरी जाऊन बघते, एवढंच करते." कुणीतरी ते वहीत लिहून घेतलं. काय लिहिलं असेल, ह्याचं तिला नवल वाटलं.

गेल्या महिन्यात एक नर्सरीवाला आला. दर महिन्याला शंभर पोती हवी होती त्याला. मल्हारराव म्हणाला, घे. अक्षदा म्हणाली, एवढी लेंडी आणायची कुठून, दुसऱ्यांच्या कळपांची घ्यावी लागंल, ती मुरलेली की कच्ची हे कोण बघणार? दोघांचंही खरंच होतं. कस्तुराबाईनं त्या माणसाला पाच पोती दिली आणि सांगितलं, की आधी तुमच्या झाडांना घाला, महिन्यानं मी स्वतः बघायला येते, मग बोलू.

तो हसला, पोती गाडीत टाकली आणि गेला. त्याला ते पटलं होतं की तो तिला हसला होता, हे तिच्या ध्यानात आलं नाही. तिनं अक्षदाला त्याचा पत्ता नीट लिहून घ्यायला सांगितलं, आणि ती मेंढरांना पाणी दाखवायला गेली.