दाराबाहेरचा खिळा

आमचे हे गेल्याचं मुलाने हॉस्पिटलातून फोनवर सांगितलं, तेव्हा मी दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटचं कुलूप काढत होते. दाराशेजारी भिंतीत एक खिळा आहे. नजर आधी तिकडेच गेली...

साठच्या दशकात हे रत्नागिरीहून दुबईला आले आणि खाडीकाठच्या एका छोट्या हॉटेलातल्या बारमध्ये लागले. रॉकेलवरचा फ्रिज, लाकडी काउंटर आणि तेल शोधायला आलेले गोरे साहेब. साहेब लोक ह्यांच्या दाऊद नावाचं ‘डेव्हिड’ करून मोकळे झाले. ह्यांनी जन्मात थेंब चाखला नाही, पण कोणाला काय लागतं ते तोंडपाठ. गावी मात्र ‘हॉटेलात आहेत’ एवढंच ठाऊक. झाकली मूठ!

लग्नानंतर मी आले तेव्हा आम्ही झावळ्यांच्या घरात राहायचो. हे कामावरून आले की दाराबाहेर थांबायचे. “घरात कुरआन आहे. कोट घे गो, मग आत येतो.” पितळी बटणांचा तो पांढरा कोट मी उतरवून बाहेरच्या खांबाला, खिळ्यावर टांगायची. मग तिथंच आडोशाला आंघोळ, आणि मग उंबरा. बार मी कधी पाहिला नाही. बाईमाणसाचं तिथं काय काम? कोटाला सिगारेटचा, लिंबाचा आणि त्या तिसऱ्या वस्तूचा वास यायचा, तेवढीच माझी त्याच्याशी ओळख. कधी चिडून म्हणायची, “अहो, एकदा तरी सगळेच्या सगळे घरात या!” हे नुसते हसायचे.

पुढे मोठी हॉटेलं आली आणि बार पाडला. खलास. आता तिथं गाड्या लावतात. कोटही जीर्ण होऊन गेला. आम्ही घरं बदलली, पण प्रत्येक दाराबाहेर ह्यांनी खिळा ठोकलाच.

शेवटच्या वर्षी ह्यांचं डोकं पुन्हा त्या बारमध्ये जाऊन बसलं. मशिदीतून परतले की दारातच अडून राहायचे. अंगात नसलेला कोट मी उतरवून टांगेपर्यंत पाऊल आत टाकत नसत. मुलगा वैतागायचा, “अम्मी, देअर इज नो कोट!” मी आपली दोन्ही बाह्या नीट काढायची.

हॉस्पिटलात त्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले. “कोट घे गो. घरी जायचंय.” मी उजवी बाही काढली. डाव्या हाताला सलाईन होतं. नर्स धावत आली, “अम्मा, हाथ मत लगाइए. घर जाके आराम करिए.” मुलानेही तेच म्हटलं, आणि मी निघून आले.

आता घर खायला उठतं. संध्याकाळी मगरिबची नमाज झाली की दार उघडून बघते. खिळा रिकामाच असतो. हे बाहेर कुठेतरी उभे असणार, डावी बाही अजून अंगात... आणि तसे ते घरात यायचे नाहीत.