नानांच्या यंत्रातली घरघर

मंडळी, केळीच्या मळ्यातून थेट चोपड्याच्या सायबर कॅफेत आलोय.

माझ्या वडिलांचं, म्हणजे नानांचं, कानाचं यंत्र खिशात असतं आणि त्याची वायर कानात. विजेजवळ गेलं की ते घरघरतं. नानांनी त्याचाच टेस्टर केलाय. घरघर नाही, म्हणजे लाईट नाही!

आज सकाळी लाईट गेली होती. नाना विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरची सैल वायर बसवायला गेले. तेवढ्यात माझ्यासमोर खोपीतला बल्ब लागला.

"नाना, लाईट आली!" मी जीव खाऊन ओरडलो. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. हात वायरकडे चाललेला. मी ढेकूळ उचललं आणि त्यांच्या पाठीत हाणलं.

हात मागे आला. "येडा व्हई गया का रे? यंत्र गप्प शे, लाईट नही शे!"

यंत्र उघडलं तर सेल संपलेला, तोही भिंतीवरच्या घड्याळातून काढलेला.

घरी आम्ही बोलायला लागलो की नाना यंत्र बंद करतात, सेल वाचावा म्हणून. तो वाचवलेला सेल घेऊन तारेचं ऐकायला जातात.

नवा सेल घेतलाय. पण खरं सांगा, तुमच्याही घरी कोणी तुमचं बोलणं बंद करून सेल वाचवतं का?