सिंधुबाईंच्या घरची थंडी

इंग्लंडातल्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत सिंधुबाईंचं घर होतं. घर त्यांच्याच नावावर होतं, आणि ही गोष्ट त्या ओळख झाल्याझाल्या सांगत. नवरा सुखदेव फाउंड्रीत आणि त्या स्वतः होजिअरीच्या फॅक्टरीत कपड्यांच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर, असं दोघांनी राबून ते घेतलं होतं. नागपूरच्या ज्या वस्तीत त्या जन्मल्या, तिथल्या बायकांच्या नावावर साधी चूलसुद्धा नव्हती. आता सुखदेव राहिले नव्हते, फॅक्टरी बंद पडून तिथे कपाटांचं दुकान आलं होतं, पण दर रविवारी बुद्धवंदनेला बायका जमायच्या त्या सिंधुबाईंच्याच पुढच्या खोलीत. सत्तरी उलटली तरी बाई नाकावर माशी बसू देत नव्हत्या.

अडचण एकच होती, घराला हीटिंग नव्हतं. पुढच्या खोलीतली गॅसची जुनी शेगडी धोक्याची म्हणून गॅसवाल्यानं कायमची बंद करून टाकली होती. राहिला होता प्लगवर चालणारा एक हीटर. साठी उलटलेल्यांना सरकार दर हिवाळ्यात ऊब विकत घ्यायला पैसे पाठवायचं, ते यायचे आणि हीटर ते गिळून टाकायचा. थंडी मात्र होती तिथेच. निजायच्या खोलीतला वॉलपेपर ओलीनं फुगून भिंतीपासून सुटला होता. डिसेंबर लागला की सिंधुबाई दुधाची बाटली फ्रिजमध्ये ठेवतच नसत, बाहेर ओट्यावर ती जास्त गार राहायची.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात सिंधुबाईंना न्यूमोनिया झाला आणि मुलानं, राजेंद्रनं, विषय कायमचा मिटवायचं ठरवलं. तो लंडनजवळ मेडनहेडला कम्प्युटर कंपनीत होता. मुलगा गुणाचा, आईवर जीव टाकणारा, पण जीव टाकणारी माणसंच अशा वेळी फार त्रास देतात.

"आई, हा घर खूप थंड आहे," तो म्हणाला. लेस्टरात वाढलेल्या राजेंद्रचं मराठी असंच होतं. "या विंटरला हीटिंग नाही आला तर तू आमच्याकडे येणार. हा घर आपण विकून टाकू."

म्हणजे आता घरच पणाला लागलं होतं. सिंधुबाईंनी सरकारच्या एका योजनेबद्दल ऐकलं होतं. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी बॉयलर आणि भिंतीवरचे गरम पाण्याचे रेडिएटर फुकट बसवून देतात. आधी माणूस येऊन घर बघून जातो. त्यांनी फोन केला आणि डेरेक नावाचे एक पन्नाशीचे गृहस्थ यायचं ठरलं.

आणि इथे सिंधुबाईंनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. घरी माणूस येणार म्हटल्यावर त्यांना दुसरं काही सुचेचना. उंबऱ्याच्या आत आला तो पाहुणा, मग तो पोस्टमन असो की सरकारचा माणूस, आणि पाहुण्याला कुडकुडत बसवणं म्हणजे घराण्याला बट्टा. त्यांनी शेजारच्या शशीबेनकडून दोन हीटर मागून आणले, स्वतःचा तिसरा, आणि सकाळपासून तिन्ही खोल्यांत लावून ठेवले. पोहे केले, आल्याचा चहा केला. डेरेक आले, खुर्चीत ऐसपैस बसले, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "छान उबदार घर आहे तुमचं, मी डक." 'मी डक' म्हणजे 'माझं बदक', लेस्टरात बाईमाणसाला असंच लाडानं म्हणतात. सिंधुबाई खुलल्या. त्यांनी आणखी पोहे वाढले.

पुढच्या आठवड्यात नकार आला. प्रत्येक खोलीत हीटर आहे, घर पुरेसं गरम आहे, सबब मदतीची गरज नाही.

शशीबेननी कपाळावर हात मारून घेतला. मग सल्ला दिला, पुन्हा बोलाव, दोन गोधड्या पांघरून बस, तो आला की खोकत राहा. सिंधुबाई संतापल्या. आजारपणाचं सोंग करून मागायची ती भीक, आणि त्या मागत होत्या हक्काचं. इतकी वर्षं पगारातून सरकारी विम्याचे पैसे कापू दिले, टॅक्स भरला, आणि आता खोकून दाखवायचं? त्या म्हणाल्या, मी गोधडी पांघरणार नाही आणि खोकणारही नाही. न्यूमोनियातसुद्धा मी चारचौघांत खोकले नाही.

त्या सरळ योजनेच्या ऑफिसात गेल्या. काउंटरवरच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं की तपासणी एकदाच होते. सिंधुबाई खुर्चीत बसल्या. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली तसं मुलीनं विचारलं, अजून काही हवंय का? सिंधुबाई आपल्या फॅक्टरीच्या इंग्रजीत म्हणाल्या, काही नको, उद्या पुन्हा येईन, परवाही येईन, तुमच्याकडे हीटिंग चांगलं आहे. त्या खरंच आल्या, डबा आणि विणकाम घेऊन. आठवडा संपायच्या आत डेरेकची दुसरी भेट ठरली.

त्या सकाळी शशीबेनचे हीटर त्यांच्याच घरी राहिले आणि सिंधुबाईंनी आपलाही लावला नाही. हे त्यांना फार जड गेलं, खोटं कशाला बोला. पाहुणा गारठणार या विचारानं त्यांना शरमल्यासारखं होत होतं. पण बाकी आदरातिथ्यात त्यांनी काडीची कसर ठेवायची नाही असं ठरवलं.

डेरेक आले. सिंधुबाईंनी हसून त्यांचं जाड जाकीट उतरवून घेतलं आणि आत नेऊन टांगलं. मग श्रीखंड आलं. ते फ्रिजमधलं नव्हतं, बाहेरच्या ओट्यावरचं होतं. डेरेकनी भीडेखातर खाल्लं. दुसरी वाटी आली. सिंधुबाई समोर पातळ कार्डिगनमध्ये ताठ बसून सुखदेवांच्या गोष्टी सांगत राहिल्या. बोलताना दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती. डेरेकनी आधी हात चोळले, मग काखेत घातले. ओठ निळसर दिसायला लागले तसं त्यांनी हळूच विचारलं की जाकीट मिळेल का.

"मिळेल की," सिंधुबाई म्हणाल्या. "जाकीट घालून तुम्ही आता घरी जाल. मी घरीच आहे."

डेरेक उठले. त्यांनी निजायच्या खोलीतल्या भिंतीला हात लावून पाहिला. मग विचारलं, त्या दिवशी इतकं गरम कसं होतं? सिंधुबाईंनी खरं ते सांगितलं, तुम्ही येणार होतात म्हणून.

डेरेकनी आपली फाइल उघडली. मग त्यांनी पेन मागितलं आणि तिथेच, गारठलेल्या बोटांनी, आपला आधीचा शेरा खोडला. चहा झाला होता. तो मात्र कडकडीत होता आणि त्यांनी दोन कप घेतले.

सगळ्या खोल्यांत रेडिएटर बसले तेव्हा बाहेर बर्फ पडत होता. संध्याकाळी राजेंद्रचा फोन आला. त्यानं आईसाठी मागची खोली रंगवून ठेवली होती, पलंगही घेतला होता, आणि आता बर्फात तरी तिनं हट्ट सोडावा असं तो म्हणत होता. सिंधुबाईंना गलबलून आलं. पण त्या रेडिएटरला पाठ लावून उभ्या होत्या आणि पाठ छान शेकत होती.

"राजू, त्या पलंगावर पाहुणे निजव," त्या म्हणाल्या. "मी उन्हाळ्यात चार दिवस येईन तेव्हा मीही निजेन. मरायची वेळ आली की मी इथंच मरेन, माझ्या घरात. पण थंडीनं मरणार नाही, एवढं लिहून घे."